लेकीसाठी जुनं, सोज्वळ नाव शोधताना

बारशाची तारीख ठरलेली असते, पाळणा कुणाच्या घरून आणायचा हेही ठरलेलं असतं, आत्याच्या साडीचा रंगसुद्धा पक्का होतो. नाव तेवढं ठरत नाही. आगाशीतल्या जुन्या वाडीतलं घर असो की विरार स्टेशनजवळच्या टॉवरमधला फ्लॅट, हल्ली घरोघरी हेच चालू असतं. मोबाईलवर नावांच्या याद्या फिरत राहतात. शंभर-दोनशे नावं वाचून झाली की सगळी एकाच छापाची वाटू लागतात आणि मग घरातली एखादी मावशी किंवा काकी म्हणते, ‘अगं, साधं, छान, आपलं जुनं काहीतरी ठेवा ना!’ सल्ला चांगला आहे. पण ‘जुनं’ म्हणजे नेमकं कोणतं, ते शोधायचं कुठे आणि सापडल्यावर पारखायचं कसं, हे सहसा कुणी सांगत नाही. तेच सांगण्यासाठी हा लेख.

मुलीच्या नावाला आज जेवढं महत्त्व आहे तेवढं पूर्वी नव्हतं, कारण ते नाव तिच्याजवळ राहतच नसे. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव मागे पडायचं. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि त्या आनंदी झाल्या. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरी तापी होत्या आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक मनकर्णिका. म्हणजे आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव जेमतेम नऊ-दहा वर्षं हाकेत राहायचं. आजच्या पुष्कळ मुली लग्नानंतर स्वतःचं नाव बदलत नाहीत, आणि बदलू नयेच असं माझं ठाम मत आहे. तुम्ही आज जन्मदाखल्यावर जे लिहाल ते शाळेच्या हजेरीपटापासून पेन्शनच्या कागदापर्यंत तिच्याबरोबर जाणार आहे. तेव्हा पाळण्यातल्या बाळाकडे बघून नाव ठेवून भागत नाही. ते पंचविशीतल्या इंजिनीयरला, पन्नाशीतल्या मुख्याध्यापिकेला आणि ऐंशीच्या आजीलाही शोभलं पाहिजे. जुन्या सोज्वळ नावांची खरी ताकद इथे आहे: ती नावं सगळ्या वयांतून जाऊन आलेली असतात. मुक्ता तीन वर्षांची असू शकते आणि त्र्याऐंशीचीही. आजच्या फॅशनमधल्या नावांचं म्हातारपण अजून कुणी पाहिलेलं नाही.

नवं नाव वाईट असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक जुनं नाव कधीतरी नवं होतंच. सुनीता, संगीता, अनिता, सविता ही नावं साठ-सत्तरच्या दशकांत इतकी ताजी होती की एकेका वर्गात तीन-तीन सुनीता असायच्या; त्याआधी कुसुम, सुमन, विमल, नलिनी यांचा काळ होता. पुढे स्वाती, मनीषा, अश्विनी आल्या, मग पूजा, नेहा, स्नेहल, आणि अलीकडे स्वरा, आराध्या, ओवी. लाट येते आणि जाते. गंमत अशी, की आईच्या पिढीतलं नाव आपल्याला शिळं वाटतं, पण पणजीचं नाव पुन्हा ताजं वाटतं. कारण पणजीच्या नावाला आपल्या आठवणीतला वर्ग, बाक आणि शेजारीण चिकटलेली नसते. तारा, रमा, सई, मीरा, राधा ही नावं गेल्या काही वर्षांत परत आली ती अशीच.

ती परत यायला वेळ लागला याचं एक कारण फार साधं आहे. ही नावं आपण ‘बाई’ लावूनच ऐकलेली असतात, पाठ्यपुस्तकात नाहीतर भिंतीवरच्या तसबिरीखाली. सईबाई, रमाबाई, मुक्ताबाई, ताराबाई, अहिल्याबाई. ‘बाई’ बाजूला ठेवा आणि पुन्हा म्हणून बघा: सई, रमा, मुक्ता, तारा, अहिल्या. वयाची सगळी झूल उतरते आणि नाव एकदम लख्ख दिसतं. हाच प्रयोग अजून न उचललेल्या नावांवर करा. समर्थांच्या शिष्या वेणाबाई, म्हणजे वेणा. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई, म्हणजे गोपिका. वसईचा किल्ला १७३९ मध्ये जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांच्या घरातल्या अन्नपूर्णाबाई, म्हणजे अन्नपूर्णा. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई, म्हणजे सोयरा. सोयरा म्हणजे आपलं माणूस, याहून गोड अर्थ मुलीच्या नावाला दुसरा कोणता हवा? आणखी मागे गेलात तर नाणेघाटातल्या शिलालेखाशी जोडलेली सातवाहन राणी नागनिका भेटते, आणि नाशिकच्या लेण्यांमधल्या लेखात आपल्या मुलाचा पराक्रम कोरून ठेवणारी गौतमी बलश्री. नागनिका हे नाव दोन हजार वर्षं जुनं आहे आणि आजच्या कुठल्याही नव्या नावाशेजारी ते तितकंच नवं दिसेल.

शोध घ्यायचा तो मात्र सगळ्यात आधी स्वतःच्या घरात. पोटमाळ्यावरची किंवा कोठीतली तांब्या-पितळेची भांडी काढा आणि त्यांची कड उजेडात धरून बघा. घागर, कळशी, पातेलं, परात. पूर्वी लग्नात, डोहाळजेवणात भांडी देताना त्यांवर टिंबाटिंबांनी नाव कोरून घेत. कोणाला, कोणाकडून, कधीकधी साल. चिंच लावून घासल्यावर ती अक्षरं उठून दिसतात. ‘चि. सौ. कां.’च्या पुढे कोरलेलं ते नाव बहुधा घरातल्या कुणालाच आठवत नसतं, कारण ती बाई सगळ्यांची ‘मोठी आई’ किंवा ‘काकी’ होऊन गेलेली असते. जमिनीचे जुने फेरफार, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, देवळाच्या देणगीच्या पाट्या, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, पत्रिकांचं गाठोडं, या सगळ्यांतून नावं निघतात. घरातल्या सर्वांत वयस्क बाईला दोन प्रश्न विचारा: ‘तुमचं माहेरचं नाव काय होतं?’ आणि ‘तुमच्या आईचं?’ माझा अनुभव असा, की या दोन प्रश्नांनी दुपारभर गप्पा रंगतात आणि दहा-बारा नावं हाताशी येतात. त्यातलं एखादं शेवंता, भागीरथी, द्वारका, अनसूया, यशोदा तुम्हाला अवघडही वाटेल. वाटू द्या, लगेच खोडू नका. भागीरथीची हाक ‘भागी’ झाली म्हणून ते नाव लहान होत नाही. आणि ते नाव जसंच्या तसं नको असेल तर त्याच अर्थाचं घ्या: भागीरथीऐवजी जान्हवी, द्वारकेऐवजी रुक्मिणी, शेवंतेऐवजी दुसरं एखादं फूल.

इथे एक अडचण हटकून येते. काही घरांत हयात सासूबाईंचं किंवा नुकत्याच गेलेल्या आजीचं नाव नातीला ठेवत नाहीत. सुनेच्या तोंडून ते एकेरी हाकेत जाणं प्रशस्त वाटत नाही. काही घरांत नेमकं उलट, आजीचं नाव नातीला देणं हा मान असतो. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत आजी-आजोबांचं नाव नातवंडांत पुढे नेण्याची जुनी रीत आहे, आणि मारिया, आना, रोझा, इसाबेल ही तिथली नावं तितकीच अभिजात आहेत. आना हे तर परंपरेनुसार येशूच्या आजीचंच नाव. तुमच्या घरची रीत कोणती ते आधीच विचारून घ्या. बारशाच्या आदल्या दिवशी हा प्रश्न निघाला तर वाद घटकेत वाढतो.

घरानंतर गाव. आगाशीसारख्या गावात नावांना तोटा नाही. या पट्ट्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पहाटेच्या लोकलने फुलांचे हारे घेऊन दादरच्या बाजारात गेल्या. वाडीतल्या फुलांकडे बघा, एकेका फुलाला दोन-दोन, तीन-तीन नावं आहेत. मोगरा म्हणजे मल्लिका. जुई म्हणजे यूथिका. पारिजातक म्हणजे प्राजक्ता, आणि तीच शेफाली. केवड्याची केतकी. मालती, बकुळ, कुंदा, सायली, अबोली. एकच कल्पना, मुलीला फुलाचं नाव देण्याची, पण पणजीच्या वेळी ती शेवंता आणि चंपा झाली, आजीच्या वेळी कुसुम आणि मालती, आईच्या वेळी प्राजक्ता आणि सायली. आता मल्लिकेची पाळी आहे असं मला वाटतं. तीन अक्षरं, स्पष्ट अर्थ, आणि फूल दारात.

गावाला लागून अर्नाळ्याचा समुद्र आहे. ऊर्मी म्हणजे लाट, वेला म्हणजे भरती आणि किनाराही, मुक्ता म्हणजे मोती. आगाशीच्या भवानीशंकराच्या देवळातल्या जोडीवरून भवानी, गौरी, उमा, अपर्णा. आगाशीचं जैन मंदिर मुनिसुव्रतस्वामींचं; जैन परंपरेतली त्रिशला, राजुल, चंदनबाला ही नावं ऐकायलाही मऊ आहेत. जवळच निर्मळ आहे, शंकराचार्यांच्या समाधिमंदिरासाठी आणि कार्तिकातल्या यात्रेसाठी प्रसिद्ध. चोखोबांच्या बहिणीचं नाव निर्मळा, तिचे अभंग आजही वाचायला मिळतात. निर्मला तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. ‘ळ’ असलेली निर्मळा मात्र अस्सल मराठी आहे आणि आज क्वचितच दिसते.

आणि थोडं पुढे नालासोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. नाशिकच्या पांडवलेण्यांमध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने कुठे कुठे दानधर्म केला, धर्मशाळा बांधल्या त्या गावांत शूर्पारकाचंही नाव येतं. त्याच लेण्यात एका ओवरीच्या दारावर दुसरा, अगदी छोटा लेख आहे: ही ओवरी दक्षमित्रेचं दान. दक्षमित्रा ही नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको. नवऱ्याच्या लांबलचक यादीशेजारी तिने स्वतःच्या नावाने, स्वतंत्रपणे एक ओवरी दिली आणि तसं कोरून ठेवलं. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ज्या घरात मुलीचं नाव ‘काहीतरी वेगळं पण आपल्या मातीतलं’ हवं असा आग्रह आहे, त्यांनी परदेशी वाटणाऱ्या नावांच्या यादीकडे वळण्याआधी दक्षमित्रेचा विचार करावा. मुलगी मोठी झाली की तिला नाशिकला नेऊन तिचं नाव दाखवता येईल.

नद्यांची नावं हा तर मराठी घरांचा लाडका खजिना. मनुस्मृतीत नदीचं, नक्षत्राचं किंवा झाडाचं नाव असलेली मुलगी वधू म्हणून नको असं सांगितलं आहे. मराठी माणसांनी ते मुळीच मनावर घेतलं नाही. गोदावरी, कृष्णा, यमुना, नर्मदा, सरस्वती, चंद्रभागा. जवळजवळ प्रत्येक घराच्या वंशावळीत एक तरी नदी सापडते. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तिथल्या इरावती नदीचं नाव त्यांना मिळालं. त्यांनी आपल्या मुलींची नावं जाई आणि गौरी अशी दोन-दोन अक्षरी ठेवली, आणि दोघीही पुढे लेखिका म्हणून त्याच नावांनी ओळखल्या गेल्या: जाई निंबकर आणि गौरी देशपांडे. परदेशात किंवा परप्रांतात राहणाऱ्या मराठी जोडप्यांनी इरावतीच्या आईबापांचं उदाहरण जरूर घ्यावं. जिथे मूल जन्मलं तिथली खूण आणि आपल्या भाषेत सहज बसणारा शब्द, दोन्ही एका नावात साधता येतात.

त्याच मनुस्मृतीत मुलीच्या नावाबद्दल काही सूचना मात्र पटण्याजोग्या आहेत: उच्चाराला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मनाला आवडणारं आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं नाव ठेवावं. शेवटच्या सूचनेमागचं कारण ज्याने वाडीत राहून पाहिलं आहे त्याला सांगावं लागत नाही. ओट्यावर उभं राहून बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्याच्या, पलीकडे खेळणाऱ्या पोरीला हाक मारायची तर शेवटचा ‘आ’ किंवा ‘ई’ लांबवता आला पाहिजे. ‘मुक्ताऽऽ’, ‘मैथिलीऽऽ’. बंद व्यंजनावर संपणारं नाव वाऱ्यात अर्धंच पोहोचतं. म्हणून पहिली परीक्षा हाकेची घ्या. नाव कागदावर बघून ठरवू नका. आजीला, आत्याला, शेजारच्या सात-आठ वर्षांच्या मुलाला ते मोठ्याने म्हणायला लावा. मूल अडखळलं नाही आणि आजीने त्याचा भलताच अपभ्रंश केला नाही, तर नाव पास.

दुसरी परीक्षा अर्थाची. आणि इथे मी कळकळीने सांगेन: मोबाईलवरच्या यादीतल्या अर्थावर विसंबू नका. एकाच नावापुढे एका ठिकाणी ‘देवी लक्ष्मी’, दुसऱ्या ठिकाणी ‘पहाटेचा किरण’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘अद्वितीय’ असं लिहिलेलं असतं. हल्लीच्या कितीतरी नावांत एका शब्दाचं शेपूट कापून दुसऱ्याला जोडलेलं असतं. ऐकायला छान, पण कोशात त्याचा पत्ताच नसतो. पुढे एखाद्या जाणत्या शिक्षिकेने वर्गात अर्थ विचारला की मुलगी घरी येऊन तुम्हालाच विचारणार. संस्कृत शब्दासाठी वामन शिवराम आपट्यांचा कोश, मराठीसाठी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ बघा. हे कोश आता इंटरनेटवर फुकट उघडता येतात. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यातून भलतेच दुसरे अर्थही आधीच कळतात. ‘वारुणी’ हे समुद्राकाठच्या घराला साजेसं, वरुणाशी नातं सांगणारं नाव, पण त्याच शब्दाचा अर्थ मद्य असाही आहे. ‘रंभा’ ही अप्सरा, तशीच संस्कृतात केळही. सुकेळ्यांसाठी नावाजलेल्या आगाशीत हा दुसरा अर्थ कुणाला खटकू नये, पण माहीत असलेला बरा. शर्वरी, विभावरी, यामिनी, रजनी या सगळ्या रात्री आहेत. अपर्णा म्हणजे तप करताना पानही न खाणारी पार्वती, अनसूया म्हणजे जिच्या मनात असूया नाही ती. मृण्मयी म्हणजे मातीची. सीता म्हणजे नांगराने पडलेलं तास. अशा नावांना पुढे आयुष्यभर सांगण्यासारखी गोष्ट असते.

नावाच्या अर्थाचं ओझं किती जड होऊ शकतं हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ‘नकुसा’, ‘नकोशी’ अशी नावं ठेवली जात. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये एका समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. मुलगी दिवसातून पन्नास वेळा स्वतःचं नाव ऐकते. ते नाव तिला काय सांगणार आहे, हे ठरवण्याची संधी आईबापांना एकदाच मिळते.

आता राशीच्या अक्षराविषयी. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण आणि प्रत्येक चरणाचं एक अक्षर, अशी एकशे आठ अक्षरं. त्यातली काही फारच अवघड आहेत. आर्द्रा नक्षत्रात कु, घ, ङ, छ. हस्तात पू, ष, ण, ठ. ‘ण’वरून मुलीचं नाव कुठून आणणार? अशा वेळी ओढून-ताणून नाव बनवण्यात अर्थ नाही. आपल्या परंपरेतच यावर तोड आहे: नक्षत्रनाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं. जन्मनाव पत्रिकेत लिहा, बारशाला बाळाच्या कानात सांगा, आणि हाकेचं, कागदोपत्री नाव मोकळ्या मनाने निवडा. घरातल्या मोठ्यांना या जुन्या रीतीची आठवण करून दिली की बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो. अक्षर सोयीचं आलं असेल तर आनंदच आहे. ‘कु’वरून कुमुद, कुंदा आणि कुसुम एकाहून एक सुंदर आहेत.

तिसरी परीक्षा पूर्ण नावाची, आणि ही आता नव्याने करावी लागते. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारने ठरवला आहे. फार चांगला निर्णय. पण त्यामुळे तुमच्या लेकीचं नाव आता चार शब्दांचं आहे. समजा, मृण्मयी प्राजक्ता ज्ञानेश्वर म्हात्रे. चारही शब्दांत जोडाक्षरं. बँकेच्या फॉर्मवरच्या चौकटीत ते बसवून बघा. त्याच जागी रमा प्राजक्ता ज्ञानेश्वर म्हात्रे म्हणून पाहा. श्वास घ्यायला जागा मिळते. आईवडिलांची नावं लांब असतील तर मुलीचं नाव दोन-तीन अक्षरी ठेवा. ती आखूड असतील, आडनाव राऊत किंवा पाटील असेल, तर इरावती, वसुंधरा, दक्षमित्रा अशा भरदार नावाला मोकळी जागा आहे. आईचं नाव आणि मुलीचं नाव शेजारी-शेजारी येणार असल्याने दोन्हींची सुरुवात एकाच अक्षराने नको, उच्चारताना जीभ अडकते.

इंग्रजी स्पेलिंग हा वरवर क्षुल्लक, पण पुढे सर्वांत जास्त मनस्ताप देणारा भाग. ‘ऋ’ महाराष्ट्रात ‘आरयू’ लिहितात, उत्तरेत ‘आरआय’. ‘ज्ञ’ आपल्याकडे ‘डीएनवाय’, उत्तरेत ‘जीवाय’. ‘ळ’ला इंग्रजीत अक्षरच नाही, त्यामुळे निर्मळा कागदावर पुन्हा निर्मलाच होणार. म्हणून ऋतुजा किंवा ज्ञानदा ठेवू नये असं नाही. ठेवा, पण स्पेलिंग पहिल्याच दिवशी ठरवा आणि रुग्णालयाच्या कागदापासून आधारपर्यंत ते एकच ठेवा. वडील एक लिहितात, मामा ऑनलाइन फॉर्म भरताना दुसरं लिहितात, आणि दहावीच्या वेळी धावाधाव होते.

नोंदणीची घाई करून नाव चुकवू नका, आणि नाव ठरेना म्हणून नोंदणीही लांबवू नका. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, पण ती बाळाच्या नावाशिवायही होते. रुग्णालयात जन्म झाला असेल तर माहिती रुग्णालयाकडूनच जाते. नंतर वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. ही नोंद तुम्ही राहता तिथे होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते, हे विसरू नका. बाळ विरारच्या रुग्णालयात जन्मलं तर वसई-विरार महानगरपालिकेकडे, बोरिवलीत जन्मलं तर मुंबई महानगरपालिकेकडे, आणि सून बाळंतपणाला माहेरी गेली असेल तर तिच्या माहेरगावी. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा मुख्य पुरावा ठरला आहे, त्यामुळे त्यावरचं प्रत्येक अक्षर तपासूनच दाखला हातात घ्या. एकदा नोंदलेलं नाव मनाला येईल तसं बदलता येत नाही. पुढे कधी बदलायचंच झालं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि प्रत्येक कार्यालयात नव्याने अर्ज.

राहता राहिला घरातला रुसवा-फुगवा. बारशात कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. तो तिला पूर्ण द्या, पण निर्णय आईवडिलांनी आधीच घेतलेला असावा. आत्याने एक, मावशीने दुसरं आणि दोन्ही आज्यांनी तिसरं-चौथं सुचवलं असेल, तर त्यातलं एक कागदोपत्री आणि एक लाडाचं असं वाटून देता येतं. लाडाच्या नावाचं मात्र एक पथ्य पाळा. चिऊ, परी, छकुली घरात गोड वाटतात, पण मूळ नाव कुणी उच्चारतच नाही अशी वेळ येऊ देऊ नका. अहिल्या ठेवायचं आणि आयुष्यभर ‘पिंकी’ म्हणायचं असेल, तर एवढी शोधाशोध कशाला केली? नाव ठेवलं की ते वापरा. पहिल्या महिन्यापासून पूर्ण नावाने हाक मारा, त्याची गोष्ट तिला सांगा, ते कुणाचं होतं ते सांगा.

शेवटी तीन नावं उरली की ती कागदावर लिहून स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर लावा आणि आठ-दहा दिवस बाळाला आलटून-पालटून त्या नावांनी हाका मारा. एक नाव आपोआप तोंडात बसतं. ते पक्कं झालं की त्याच दिवशी बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि आडनाव, देवनागरीत आणि इंग्रजीत, सुवाच्य अक्षरांत दोन प्रतींवर लिहा. एक प्रत बारशासाठी आत्याकडे द्या, दुसरी जन्मनोंदणीच्या अर्जाला जोडा, आणि दोन्हींवर काना-मात्रेसकट एकच नाव आहे ना, हे घरातल्या तिसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.